गाळातली तारीख

आमच्या घराच्या ओसरीच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. आजोबांनी त्या गेरूने ओढल्या आहेत. सर्वांत खालच्या रेघेजवळ 2005 असे लिहिले आहे. मधल्या रेघेजवळ 2021 आहे. सर्वांत वरची रेघ माझ्या आईच्या डोक्याच्याही वर आहे. तिच्याजवळ 2019 लिहिले आहे.

आमचे घर सांगलीत, कृष्णा नदीपासून जवळ आहे. सांगलीकरांना पावसाळ्यात एकच प्रश्न पडतो, ‘आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आहे?’ हा पूल 1929 सालचा. तिथे पाण्याची उंची मोजतात. 45 फुटांवर धोक्याची पातळी धरतात. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेले होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेले. तेव्हा मी चार वर्षांची होते. मला फक्त होडी आठवते, आणि देव्हाऱ्यातले देव पदराखाली छातीशी धरून बसलेली आजी आठवते.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या उन्हाळ्यात, बाबांनी ठरवले, की नदीपासून दूर एखादी जागा घेऊन लहानसे घर बांधायचे. एक एजंट गावाबाहेरचा प्लॉट दाखवून गेला. जागा स्वस्त होती. “इथं पाणी कधीच आलेलं नाही, साहेब,” असे तो दोनदा म्हणाला. बाबांना ते पटले. आजोबा मात्र काही बोलले नाहीत.

पण त्याआधी आमचे दुसरेच बेत होते. माझे मामा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतात. त्यांच्या गावाचे नाव ईडन प्रेरी. प्रेरी म्हणजे गवताळ माळरान. मे महिन्याच्या सुटीत आई मला घेऊन मामांकडे गेली. परत आल्यावर प्लॉटचे पाहू, असे बाबा म्हणाले.

ईडन प्रेरीत मे महिन्यातही मला स्वेटर घालावा लागला. तिथे सूर्य मावळायला रात्रीचे साडेआठ-पावणेनऊ होतात. जेवण झाले तरी बाहेर उजेडच! हिवाळ्यात तिथले तलाव इतके गोठतात, की लोक बर्फावर चालत जाऊन, भोक पाडून मासे पकडतात. मामींनी कुंडीतली तुळस थंडीभर घरात ठेवली होती. ती आता खिडकीबाहेर आली होती.

मामांची मुलगी म्हणजे माझी ताई. ती विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकते. दगड, माती, वाळू असे काही दिसले, की ती चालता चालता थांबते. तिच्याबरोबर फिरायला निघाले, की एका मैलाला दोन तास लागतात.

एका रविवारी ती मला नदी दाखवायला घेऊन गेली. गावाच्या दक्षिणेला जमीन एकदम खाली उतरते. वरच्या कड्यावरून पाहिले, तर खाली भलीमोठी दरी पसरलेली. त्या दरीत झाडे, तळी, दलदल, आणि मधून वळणे घेत जाणारी मिनेसोटा नदी. मला जरा हसूच आले.

“ताई, एवढ्या मोठ्या दरीत एवढीशी नदी?”

“बरोबर पाहिलंस,” ताई म्हणाली. “ही दरी या नदीनं कोरलेलीच नाही. हजारो वर्षांपूर्वी उत्तरेकडे बर्फाचे प्रचंड थर होते. ते वितळून एक अफाट तळं झालं. त्या तळ्यातून एक महानदी वाहू लागली. तिनं ही दरी कोरली. तिला आता वॉरन नदी म्हणतात. ती आटली, आणि तिच्या मोठ्या अंगरख्यात ही धाकटी नदी राहायला आली.”

मिनेसोटा हे नावही नदीचेच. इथले मूळचे लोक डकोटा. त्यांच्या भाषेत ‘म्नी’ म्हणजे पाणी. ‘म्नी सोटा’ म्हणजे ढगाळलेले, आभाळाची छाया पडलेले पाणी. आम्ही खाली उतरून काठाशी गेलो, तेव्हा पाणी खरोखरच गढूळ होते. आमच्या कृष्णेसारखेच, श्रावणातल्या.

काठावर एके ठिकाणी दरड कोसळली होती. त्यामुळे माती उभी कापल्यासारखी दिसत होती. मी काठीने उकरायला निघाले, तेव्हा ताईने माझा हात धरला.

“अगं, थांब! हे अभयारण्य आहे. इथं परवानगीशिवाय खणायचं नाही, काही उचलून न्यायचं नाही. नुसतं बघ. नदीनंच आपल्यासाठी खणून ठेवलंय.”

मी पाहू लागले. माती एकसारखी नव्हती. तिच्यात पट्टे होते. सर्वांत वर वीतभर जाडीची फिकट वाळू. तिच्याखाली काळसर, गुळगुळीत चिखलाचा पट्टा. त्याच्याखाली पुन्हा वाळू, पुन्हा चिखल. जणू कोणी मातीची चपातीवर चपाती रचून ठेवली होती.

“प्रत्येक पट्टा म्हणजे एकेक पूर,” ताई म्हणाली. “अगदी प्रत्येक नाही, पण बरेचसे.”

“ते कसं?”

“सांगते. पुराचं पाणी जोरात वाहतं. जोरातलं पाणी वाळूसुद्धा उचलून नेतं. ते काठावरून बाहेर पडलं, शेतात, झाडीत शिरलं, की पसरतं. पसरलं, की त्याचा जोर कमी होतो. जोर कमी झाला, की ओझं खाली ठेवावं लागतं. आधी जड वाळू टाकतं, तीही काठाजवळच. बारीक चिखल मात्र पाण्याबरोबर लांब जातो आणि पाणी अगदी थांबलं, म्हणजे हळूहळू तळाशी बसतो. पूर ओसरतो; थर मागे राहतो. पुढच्या पुरात त्याच्यावर दुसरा थर.”

मला आमची ओसरी आठवली. पाणी ओसरल्यावर तिथेही चिखलाचा थर होता. बाबा आणि काका चार दिवस तो फावड्याने ओढत होते. आम्ही तो काढून टाकला. इथे काढायला कोणी नव्हते.

त्या काळसर पट्ट्यात मला काहीतरी निळे दिसले. दोरीचा धागा होता. त्याच्या शेजारी बाटलीचे पांढरे टोपण अर्धे रुतलेले होते. “शी! इथंपण कचरा!” मी म्हणाले.

“कचरा तर आहेच,” ताई म्हणाली. “पण हा कचरा साक्षीदारही आहे. मला सांग, एखाद्या बंद डब्यात आजचं वर्तमानपत्र निघालं, तर तो डबा काल बंद केलेला असेल का?”

“कसा असेल? आजचं वर्तमानपत्र काल कुठलं!”

“मग या थरात प्लॅस्टिकचं टोपण निघालं, तर हा थर दोनशे वर्षांपूर्वीचा असेल का?”

मी विचार केला. आजोबांच्या लहानपणी घरात प्लॅस्टिकची बादली नव्हती, पितळेची होती, असे ते सांगतात. दोनशे वर्षांपूर्वी प्लॅस्टिक कुठले?

ताईने मग मला प्लॅस्टिकची जन्मकथा सांगितली. बेकेलाइट नावाचे पहिले संपूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक 1907 मध्ये तयार झाले. पिशव्यांचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिथिन, 1933 मध्ये इंग्लंडमध्ये सापडले, तेही दुसराच प्रयोग चालू असताना! दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे 1945 नंतर, प्लॅस्टिकच्या वस्तू घरोघरी आल्या. म्हणून ज्या थरात प्लॅस्टिक घट्ट बसलेले आहे, तो थर साधारणपणे त्या नंतरच्या पुराचा. थरातली सर्वांत नवी वस्तू जेवढी जुनी, त्याहून थर जुना असू शकत नाही.

“पण प्रत्येक थरात टोपण थोडंच सापडणार?” मी विचारले.

“टोपण नाही सापडत. पण त्याच्यापेक्षा कितीतरी लहान तुकडे सापडतात. चल, घरी गेल्यावर दाखवते.”

घरी आल्यावर ताई मला कपडे वाळवण्याच्या यंत्रापाशी घेऊन गेली. तिकडे थंडीत कपडे बाहेर वाळत नाहीत. म्हणून घरोघरी असे यंत्र असते. त्यात एक जाळी असते. ताईने ती बाहेर ओढली. तिच्यावर करड्या कापसासारखा जाड थर साचला होता.

“हा कापूस नाही,” ती म्हणाली. “आपली थंडीची जाकिटं आहेत ना मऊ मऊ, ती पॉलिस्टरची असतात. पॉलिस्टर म्हणजे प्लॅस्टिकचाच धागा. त्यांची ही लव. जी जाळीवर अडकली, ती आपल्याला दिसते. कपडे धुताना जी पाण्याबरोबर जाते, ती दिसत नाही.”

पाच मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे साधारण तुरीच्या डाळीच्या दाण्यापेक्षा लहान असलेल्या प्लॅस्टिकच्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी 2004 मध्ये आपल्या लेखात हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. पुष्कळसे कण तर डोळ्यांना दिसतही नाहीत. कपड्यांच्या धाग्यांपासून ते होतात. रस्त्यावर टायर झिजतात, त्यांचीही पूड होते. उन्हाने पिशव्या ठिसूळ होतात आणि त्यांचा चुरा होतो. भिंतींचे, होड्यांचे रंग सुटतात. पावसाचे पाणी हे सारे धुऊन ओढ्यात नेते, ओढा नदीत नेतो. चेहरा धुण्याच्या साबणात पूर्वी मुद्दाम बारीक प्लॅस्टिकचे मणी घालत असत. अमेरिकेने 2015 मध्ये कायदा करून ते बंद केले.

“मग एवढे बारीक कण मातीतून वेगळे कसे काढायचे?” मी विचारले.

त्यावर ताईने मामींकडून एक काचेची बरणी मागून घेतली. वाफ्यातली मूठभर माती बरणीत घातली. मग दुधाच्या रिकाम्या कॅनचे, पाण्याच्या बाटलीचे आणि पेनच्या टोपणाचे बारीक तुकडे कातरून मातीत मिसळले. त्यावर पाणी ओतून तिने बरणी ढवळली. माती खाली बसली. कॅनचे आणि टोपणाचे तुकडे वर तरंगले. बाटलीचे तुकडे मात्र मातीबरोबर बुडाले. मग आम्ही पाण्यात पुष्कळ मीठ घातले. तरी ते बुडालेलेच!

“बाटलीचं प्लॅस्टिक जड असतं,” ताई म्हणाली. “म्हणून प्रयोगशाळेत साध्या मिठापेक्षा खूप जड क्षारांचं पाणी करतात. त्यात तेही तरंगतं. वाळू मात्र बुडते. वर आलेलं गाळून घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजायचा. कण कोणत्या प्लॅस्टिकचा, तेही यंत्रानं तपासायचं. मोजताना स्वतःच्या अंगावरच्या कपड्याचा धागा त्यात पडू नये, म्हणून सुती कपडे घालायचे.”

मामींना त्यांची बरणी परत मिळाली, पण त्यांनी ती पुन्हा लोणच्यासाठी वापरली नाही.

ताईने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहराच्या आसपास दहा नद्या आहेत. तिथल्या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी चाळीस ठिकाणी नद्यांच्या तळाचा गाळ तपासला होता. टेम नदीच्या तळाशी एके ठिकाणी, एका चौरस मीटरमध्ये, प्लॅस्टिकचे पाच लाखांहून जास्त कण निघाले! मग 2015 च्या डिसेंबरमध्ये तिथे मोठे पूर आले. पूर ओसरल्यावर शास्त्रज्ञ पुन्हा त्याच चाळीस ठिकाणी गेले. पाहतात तो काय, तळातले सुमारे सत्तर टक्के कण नाहीसे झाले होते. 2018 मध्ये त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले.

“म्हणजे पुरानं नदी साफ केली!” मी म्हणाले.

“नदीचा तळ साफ केला. पण कण गेले कुठं?”

मी गप्प बसले. ओसरीतला चिखल पुन्हा डोळ्यांपुढे आला. काही कण समुद्रात गेले असणार. काही काठावर, शेतात, लोकांच्या घरात. तळावरचा गाळ दर पुरात हलतो, म्हणून तिथे पुरांचा हिशेब टिकत नाही. हिशेब टिकतो तो काठालगतच्या सखल जमिनीत, आणि तळ्यांच्या तळाशी, जिथे पाणी थांबते.

असे एक तळे ईडन प्रेरीच्या पुढे, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. मिनेसोटा नदी पुढे जाऊन मिसिसिपीला मिळते. मग वाटेत पेपिन नावाचे लांबलचक सरोवर लागते. मिसिसिपीचे पाणी तिथे संथ होते आणि गाळ खाली बसतो. त्यातला बहुतेक गाळ मिनेसोटा नदीचाच. शास्त्रज्ञ सरोवराच्या तळात लांब नळी खुपसतात आणि गाळाचा उभा दांडा बाहेर काढतात. त्या दांड्यात खाली जुना गाळ, वर नवा. कोणता थर कोणत्या वर्षाचा, ते ठरवायला निरनिराळ्या खुणा असतात. 1963 च्या सुमारास अणुबाँबच्या चाचण्यांची धूळ जगभर सर्वांत जास्त पडली होती. ती धूळ गाळात सापडली, की त्या थराला साल मिळते. अशा दांड्यांवरून कळले, की दोनशे वर्षांपूर्वी तिथे जेवढा गाळ दर वर्षी बसत होता, त्याच्या सुमारे दहापट आता बसतो. माळराने नांगरली, पाणथळ जागा सुकवल्या, शेतांतले पाणी नळांनी झटपट नदीत सोडले. नदीला पाणी जास्त मिळाले आणि ती काठ कुरतडू लागली.

“मघाशी पाहिलेल्या वरच्या वाळूचं काय?” मी विचारले. “ती कोणत्या वर्षाची?”

उत्तर मामांनी दिले. ते म्हणाले, “2024 च्या जूनमध्ये इथं मोठा पूर आला होता. वरच्या अंगाला मॅनकेटो नावाचं शहर आहे. त्याच्याजवळ ब्लू अर्थ नदीवर रॅपिडन नावाचं जुनं धरण आहे, 1910 मध्ये पुरं झालेलं. पुराच्या पाण्यानं धरणाच्या कडेनंच नवी वाट फोडली. काठावरचं एक घर नदीत कोसळलं. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. धरणामागं कित्येक वर्षं साचलेला गाळ खाली वाहत आला. ती नदी पुढं या मिनेसोटा नदीलाच मिळते.”

“म्हणजे ती वाळू त्या धरणातली!”

“तसं लगेच म्हणायचं नाही,” ताई म्हणाली. “असेलही. पण नुसतं पाहून सांगता येत नाही. तपासावं लागतं.”

ताईची ही सवय मला सुरुवातीला आवडत नसे. गोष्ट रंगात आली, की ती ‘तपासावं लागतं’ म्हणते. त्या रात्री तिने आणखी एक तसेच सांगितले. युरोपात लाटव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या तीन सरोवरांच्या गाळात शास्त्रज्ञांनी प्लॅस्टिक शोधले. ते इतक्या खालच्या थरांतही निघाले, की ते थर प्लॅस्टिकच्या जन्माच्याही आधीचे होते! 2024 मध्ये हे प्रसिद्ध झाले.

“असं कसं होईल? आजचं वर्तमानपत्र कालच्या डब्यात?”

“डब्याला भोक असेल, तर वरून आत पडेल की! फार बारीक कण गाळातल्या फटींतून खाली झिरपतात. किडे माती खालीवर करतात. म्हणून एका कणावर विश्वास ठेवायचा नाही. मोठे तुकडे, वाळूचा पोत, 1963 ची धूळ, लोकांच्या आठवणी, असे पुष्कळ साक्षीदार बोलावायचे. सगळे एकच सांगत असतील, तर मानायचं.”

प्लॅस्टिक नव्हते, तेव्हाचे पूरही शास्त्रज्ञ असेच शोधतात. पुणे विद्यापीठातले भूगोलाचे माजी प्राध्यापक विश्वास काळे आणि त्यांचे सहकारी यांनी नर्मदेच्या खडकाळ घळीत असे काम केले आहे. पुराचे पाणी जिथे कोपऱ्यात थबकते, तिथे वाळूचे थर साचतात. त्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीचे महापूर ओळखता येतात. तेव्हा कोणत्याही पुलावर फुटांच्या खुणा नव्हत्या.

जूनच्या सुरुवातीला आम्ही सांगलीला परत आलो. पाऊस अजून जोराचा नव्हता. बाबा म्हणाले, “चला, प्लॉट पाहून येऊ. उद्या पैसे द्यायचे आहेत.” आजोबा, बाबा, आई आणि मी, सगळे गेलो. एजंटही आला होता.

जागा छान होती. बाजूला उसाचे शेत, मागे बाभळी. कुंपणाच्या खांबांसाठी चारी कोपऱ्यांत खड्डे खणून ठेवले होते. बाबा आणि एजंट रस्त्याच्या रुंदीबद्दल बोलू लागले. मी एका खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसले.

खड्ड्याच्या बाजूला पट्टे होते.

वर रानमाती. तिच्याखाली बोटभर जाडीचा, पिवळसर, गुळगुळीत थर. मग थोडी काळी माती. त्याच्याखाली पुन्हा तसाच गुळगुळीत थर, पण चांगला चार बोटे जाडीचा. त्याच्याखाली काळी माती, खोलपर्यंत.

मी आजोबांना हाक मारली. “आजोबा, हे बघा ना. हा पुराचा गाळ आहे.”

एजंट हसला. “भरावाची माती असेल, बाळ. लोक कुठून कुठून आणून टाकतात.”

मला ताईची आठवण झाली. भराव असेल का? भराव कसा असतो? आमच्या शाळेच्या मैदानावर टाकलेला भराव मी पाहिला होता. त्यात विटांचे तुकडे, खडी, कौलांचे तुकडे असतात, सगळे वेडेवाकडे. हा थर मऊ आणि सरळ होता. एकच दगड त्यात नव्हता. मी पळत दुसऱ्या खड्ड्याकडे गेले. मग तिसऱ्या, चौथ्या. चारही खड्ड्यांत तेच दोन थर, जवळजवळ तेवढ्याच खोलीवर.

तिसऱ्या खड्ड्यात, जाड थराच्या तळाशी, काहीतरी चमकत होते. आजोबांनी वाकून ते काठीने अलगद सोडवले. बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता, प्लॅस्टिकचा. आजोबांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला, चष्मा वर केला आणि वाचले.

“बनवल्याचा महिना, जून 2019.”

थोडा वेळ कोणी बोलले नाही.

“काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात,” एजंट म्हणाला. “वरचा कागद भेगेतून खाली गेला असेल.”

हे मात्र खरे असू शकत होते. काळ्या मातीला हात हात खोल भेगा पडतात. माझा चेंडूसुद्धा एकदा तशा भेगेत गेला होता. मी पुन्हा खड्ड्यात पाहिले. कागद होता, तिथे उभी भेग नव्हती. तो गाळाच्या आत आडवा, सपाट दाबला गेला होता, आणि त्याच्या वर गाळाचा पट्टा कुठेही तुटलेला नव्हता. मी आजोबांना ते दाखवले. आजोबांनी बाबांना दाखवले. बाबाही मग खड्ड्यापाशी उकिडवे बसले.

“वरचा पातळ थर 2021 चा असणार,” आजोबा म्हणाले.

“तसं लगेच म्हणायचं नाही, आजोबा,” मी म्हणाले. “त्यात तारखेचं काही सापडलेलं नाही.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि ते उसाच्या शेताकडे निघाले. तिथे एक म्हातारे शेतकरी पाणी धरत होते. आजोबांनी त्यांना रामराम केला आणि विचारले, “पाव्हणं, त्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं?”

त्यांनी हातातले खोरे बांधाला टेकवले. बांधावरच्या बाभळीकडे गेले आणि आपल्या छातीएवढ्या उंचीवर तिच्या बुंध्याला हात लावला.

“हितवर,” ते म्हणाले. “आन् दोन वर्षांनी परत आलं, ते गुडघ्याएवढं.”

बाबांनी खिशातला कागद काढला, घडी घातली आणि परत खिशात ठेवला. एजंटला म्हणाले, “आम्ही कळवतो.”

परत येताना मोटारसायकलवर मी आजोबांच्या पुढे बसले होते. त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशातून बिस्किटाचा तो कागद डोकावत होता. घरी आल्यावर त्यांनी तो धुतला, वाळवला आणि ओसरीत, 2019 च्या रेघेशेजारी, खिळ्याला अडकवला.

स्वाध्याय

1. आजोबांनी भिंतीवर रेघा का ओढल्या असतील?

2. पुराचे पाणी वाळू काठाजवळ टाकते आणि चिखल लांब नेते. असे का होते?

3. ‘हा थर भरावाचा नाही’ हे मुलीने कशावरून ओळखले? एजंटच्या दुसऱ्या शंकेला तिने काय उत्तर शोधले?

4. मँचेस्टरजवळच्या नद्यांच्या तळातले कण कुठे गेले असतील? तुमच्या शब्दांत लिहा.

5. पुढील शब्द वाक्यांत वापरा : ओसरणे, साक्षीदार, दरड, पोत, गढूळ.

6. तुमच्या गावातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा : नदीचे किंवा ओढ्याचे पाणी सर्वांत जास्त कुठवर आले होते, आणि कोणत्या वर्षी? निदान तिघांना विचारा. तिघांची उत्तरे सारखी आली का, ते वहीत लिहा.